माळ्यावरचा माल

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या निमित्ताने एका जुन्या स्नेह्यांच्या दुकानी जाण्याचा योग आला. पुणे-नाशिक रस्त्यावरील एका तालुक्याच्या गावी त्यांचे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी १९७९ साली ते सुरू केले, तेव्हा त्या रस्त्यावर प्रामुख्याने ॲम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी आणि जीप एवढीच वाहने दिसत. पूजा आटोपली, पेढे वाटून झाले आणि शेठजी माझा हात धरून मागील जिन्याने मला माळ्यावर घेऊन गेले.

दिवा लावताच भिंतीपासून भिंतीपर्यंत खोक्यांच्या थप्प्या दिसू लागल्या. शॉक ॲब्सॉर्बर, कॉइल स्प्रिंग, बॉल जॉइंट, टायरॉड एंड, लोअर आर्म, स्ट्रट माउंटिंग आणि नाना आकारांचे रबरी बुश. खाली गोदामात पाट्यांची वेगळी रास होती, ती त्यांनी नंतर दाखविली. मोटारीच्या चाकांना रस्त्यावरील हादरे सोसण्यास मदत करणारे हे सारे भाग. व्यवसायात त्यांना एका शब्दात ‘सस्पेन्शनचा माल’ म्हणतात.

“साहेब, वहीत हा माल अकरा लाख चाळीस हजारांचा आहे,” शेठजी म्हणाले. “एक एप्रिलपासून दुकान मुलाच्या आणि सूनबाईच्या हाती द्यायचं ठरवलंय. त्यांना इथे टायर आणि व्हील अलाइनमेंटचं काम सुरू करायचं आहे. जागा हवी, भांडवल हवं. याचं काय करायचं, ते आता तुम्ही सांगा.”

प्रश्न वरकरणी साधा होता. प्रत्यक्षात तो सुटण्यास साडेचार महिने लागले आणि त्या काळात मलाच काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांत असा एखादा माळा असेल. तेथील माल कापडाचा असो, भांड्यांचा असो वा औषधांचा. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

एक कबुली

प्रथम माझ्या वाट्याचा दोष सांगतो. नोकरीच्या काळात काही वर्षे या दुकानाचे कॅश क्रेडिट खाते मी ज्या शाखेत काम करीत होतो, तेथेच होते. मालाच्या तपासणीसाठी मी याच माळ्यावर दोन-तीनदा आलो होतो. पत्रकातील नगसंख्या आणि खोक्यांची संख्या जुळते का, हे पाहिले. किमतीची पाच-सहा बिले पडताळली. सही केली आणि चहा घेऊन परतलो. माल केव्हा घेतला, हा प्रश्न मी कधी विचारला नाही.

तो विचारणे माझे कर्तव्य होते. उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्या दुकानात २० लाखांचा माल आहे आणि त्यापैकी ४ लाखांची देणी बाकी आहेत. उरलेल्या १६ लाखांतून २५ टक्के मार्जिन वजा केले की १२ लाखांपर्यंत रक्कम उचलता येते. बँकेच्या भाषेत ही ‘ड्रॉइंग पॉवर’. परंतु त्या २० लाखांपैकी ८ लाखांचा माल वर्षानुवर्षे हलतच नसेल, तर तो हिशेबातून काढल्यावर ही मर्यादा केवळ ६ लाखांवर येते. म्हणजे दुकानदाराने उचललेल्या पैशांपैकी निम्म्या पैशांच्या पाठीशी विकला जाणारा माल नाही. बँकेची जोखीम तर वाढतेच. पण दुकानदाराला आपला व्यवसाय आहे त्यापेक्षा मोठा वाटू लागतो, हा अधिक गंभीर परिणाम आहे. माझ्या सहीने या स्नेह्यांचा हा भ्रम काही वर्षे लांबला.

माल साचतो कसा?

शेठजी हे अव्यवस्थित व्यापारी नाहीत. त्यांची उधारी वेळेवर वसूल होते आणि देणी वेळेवर जातात. तरीही माल साचला. त्याची कारणे आम्ही एकेक करून कागदावर उतरविली.

पहिले कारण म्हणजे योजना. दहा खोक्यांवर एक मोफत, वर्षाचे उद्दिष्ट गाठल्यास परदेश सहल. एका मार्चअखेरीस उद्दिष्टासाठी घेतलेल्या शॉक ॲब्सॉर्बरचे निम्मे नग माळ्यावर चढले ते उतरलेच नाहीत. दुसरे कारण जोडीचे. पुढच्या चाकांचे स्ट्रट डावे-उजवे असे वेगळे असतात. गिऱ्हाईक अपघातानंतर एकच बाजू नेते आणि दुसरी राहते. शेठजींकडे एका मॉडेलचे चौदा उजवे आणि तीन डावे स्ट्रट निघाले.

तिसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे रस्त्यावरून वाहनेच नाहीशी होणे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली. १९८६ मध्ये नाव तेच ठेवून तिची नवी आवृत्ती आली. आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसिडरचे उत्पादन बंद झाले. इंडिका १९९८ मध्ये आली आणि २०१८ मध्ये गेली. सुमो आणि ओम्नी २०१९ मध्ये थांबल्या. शेव्हरोलेच्या गाड्यांची भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस बंद झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेल्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होऊ लागली. तालुक्याच्या कचेऱ्यांतील जुन्या सुमो आणि जीपगाड्या हेच शेठजींचे अर्धे गिऱ्हाईक होते.

गाडीचे उत्पादन थांबले की दुसऱ्या दिवशी सुट्या भागांची मागणी संपते, असे मात्र नाही. उलट पहिली काही वर्षे ती टिकून राहते, कारण रस्त्यावरील गाड्या जुन्या होत असतात आणि त्यांना सुटे भाग अधिक लागतात. नंतर ती उतरू लागते. व्यापारी त्या चढत्या काळाच्या आठवणीवर माल धरून बसतो. “अजून कोणी तरी येईल,” हे वाक्य शेठजींनी माझ्यासमोर किमान दहा वेळा उच्चारले असेल. कधी तरी कोणी तरी येतही असे. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाने उरलेल्या मालाला दरवर्षी नवे अभय मिळत गेले.

नऊशे रुपयांचा हिशेब

शेठजींच्या मनातील अडचण एका वाक्यात सांगण्यासारखी होती: “घेतलेल्या भावापेक्षा कमी भावात कसा देऊ?”

मी त्यांना २००९ साली घेतलेला एक शॉक ॲब्सॉर्बर काढण्यास सांगितले. खरेदी नऊशे रुपये. आज त्याला अकराशे रुपये देणारा भेटला, तर दोनशे रुपये नफा झाला असे आपण म्हणू. परंतु हे नऊशे रुपये बँकेच्या कर्जातील होते. द.सा.द.शे. ११ टक्के व्याज धरले आणि ते दरवर्षी मुद्दलात मिळवीत गेले, तर १६ वर्षांत त्या नऊशेचे सुमारे ४,७८० रुपये होतात. ११ टक्क्यांनी पैसे साधारण साडेसहा वर्षांत दुप्पट होतात, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे. अकराशेला विकणाऱ्याचा तोटा त्या दिवशीचा नसतो. तो सोळा वर्षे थेंबाथेंबाने होत आलेला असतो. विक्रीच्या दिवशी तो फक्त डोळ्यांना दिसतो.

हिशेबशास्त्राचा नियमही हेच सांगतो. शिल्लक मालाची किंमत खरेदीची किंमत आणि आज विकून हाती येऊ शकणारी निव्वळ रक्कम, या दोहोंपैकी जी कमी असेल ती धरावी. एम.कॉम.च्या वर्गात हा नियम आम्ही पाठ केला होता. दुकानाच्या वहीत मात्र अकरा लाख चाळीस हजार हा आकडा एका मार्चमधून दुसऱ्या मार्चमध्ये तसाच पुढे जात होता.

शेठजींना हे पटले. त्याच सुमारास एक मोठे प्रलोभन दारी आले.

लॉटचे गिऱ्हाईक

एका मोठ्या शहरातील व्यापाऱ्याने संपूर्ण माल एकगठ्ठा उचलण्याची तयारी दाखविली. किंमत तीन लाख साठ हजार, चेकने. अट एवढीच की खोकी, लेबले आणि आतील प्लॅस्टिकच्या पिशव्या जशाच्या तशा हव्यात. फाटलेल्या खोक्याचा नग तो वजनाच्या भावाने घेणार.

भंगारवाल्याने किलोला २९ रुपये सांगितले होते. माझ्या अंदाजाने सारा माल भंगारात दिला असता, तर सव्वा लाखाच्या आसपास आले असते. मी कागद-पेन्सिल घेतली, दोन्ही आकडे शेजारी मांडले आणि लॉट देऊन टाका असा सल्ला दिला. अलाइनमेंटच्या यंत्राचा पहिला हप्ता त्यातून सुटत होता. मुलालाही ते मान्य होते. आकड्यांपुरते पाहिले तर माझा सल्ला बरोबर होता.

सूनबाईंनी मात्र आठ दिवसांची मुदत मागितली. त्या बी.कॉम. आहेत आणि दुकानाचा जीएसटीचा हिशेब त्याच पाहतात. “काका, विकायचं ते विकूच,” त्या म्हणाल्या, “पण काय विकतोय याची यादी तरी होऊ दे. खोक्यात काय आहे हे आपल्याला कुठे माहीत आहे?”

या कामासाठी त्यांनी शेजारच्या गॅरेजमधील वयोवृद्ध मिस्त्रींना बोलावले. चाळीस वर्षे गाड्यांच्या खाली झोपून काढलेला हा माणूस. सारे त्यांना चाचा म्हणतात. आठ दिवसांचे नऊ झाले. प्रत्येक खोके उघडले गेले. वहीत रकाने पाडले: भागाचे नाव, क्रमांक, कोणत्या गाडीचा, कोणत्या वर्षांच्या मॉडेलचा, डावा की उजवा, खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना व वर्ष, आणि शेवटी चाचांचा शेरा.

लोखंड थांबते, रबर थांबत नाही

पाचव्या दिवशी मी तेथे गेलो. चाचांनी खोक्यातून एक बॉल जॉइंट काढून माझ्या हातावर ठेवला. खोके कोरे करकरीत, वरची पिशवी न फोडलेली. त्यांनी त्याची रबरी टोपी अंगठ्याने दाबली आणि ती वाळल्या पानासारखी चिरली. आतील ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते.

“शेठ, लोखंड थांबतं,” चाचा म्हणाले. “रबर थांबत नाही.”

रबर हे वापरले नाही तरी म्हातारे होते. उष्णता, उजेड आणि हवेतील ओझोन यांनी त्याचा चिवटपणा जातो. साठवणुकीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात नैसर्गिक रबराच्या वस्तूंसाठी ५ वर्षे आणि नायट्राइल रबरासाठी ७ वर्षे अशी प्रारंभीची मुदत धरलेली आहे, तीही थंड, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवल्यास. पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर उन्हाळ्यात काय तापमान होत असेल, याची कल्पना करावी.

शॉक ॲब्सॉर्बरचीही तीच गोष्ट. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल आवरते. ते तेल आत धरून ठेवतो तो दांड्याभोवतीचा एक छोटा सील. सील कडक झाला की तेल पाझरू लागते. आडवा ठेवलेला नग काढून उभा धरून पाच-सात वेळा दाबला-ओढला, तर आत शिरलेली हवा बाजूला होते आणि तो नीट चालू लागतो, हे खरे. पण सील गेलेला असेल तर तो कितीही पंप केला तरी सुधारत नाही. चाचांनी एकेक नग असा तपासला. काहींच्या दांड्यावर तेलाचा ओलसर थर होता आणि धूळ त्याला चिकटली होती.

पाटे आणि कॉइल स्प्रिंग यांचे तसे नाही. त्यांच्यावर वजन पडलेले नसले आणि गंज चढलेला नसला, तर ते दीर्घकाळ टिकतात. तथापि रंग उडून गंजाचे खड्डे पडले असतील, तर त्याच जागी पुढे चीर जाते. असे नग चाचांनी खडूने फुली मारून बाजूला काढले.

त्या दिवशी संध्याकाळी सूनबाईंनी तो चिरलेला बॉल जॉइंट सासऱ्यांपुढे ठेवला. “पप्पा, हा आपण आपल्या गाडीला बसवू का?”

शेठजी काही बोलले नाहीत. बॉल जॉइंट निखळला तर काय होते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. चाक बाहेरच्या बाजूला कलते, स्टिअरिंगचा ताबा जातो आणि गाडी जिकडे जाईल तिकडे जाते. टोपी फाटलेली असली की धूळ-पाणी आत शिरून तो सांधा लवकर झिजतो. गिऱ्हाइकाला हे कळण्याचा काही मार्ग नाही. त्याच्या हाती पडते ते न फोडलेले खोके.

शेठजींनी मोठ्या शहरातील त्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि हा माल कोठे विकणार, असे सरळ विचारले. “शेठ, ते तुम्ही कशाला विचारता?” एवढेच उत्तर आले. खोकी शाबूत हवीत, ही अट कशासाठी होती, ते आम्हा सर्वांना त्या क्षणी समजले. आधी समजायला हवे होते. मी तर त्याला संमती देऊन बसलो होतो.

रात्रभर विचार करून शेठजींनी सकाळी लॉटला नकार कळविला. मुलाने जरा कुरकुर केली. यंत्राचा हप्ता त्याच्या डोळ्यांपुढे होता आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. “आपण माल म्हणून विकतोय. पुढे तो काय करतो, ही त्याची जबाबदारी,” असे तो म्हणाला. शेठजी म्हणाले, “खोक्यावर आपल्या दुकानाचा शिक्का आहे. आणि नसता, तरी मला माहीत आहे ना.”

चार राशी

यानंतर यादीवरून मालाच्या चार राशी करण्यात आल्या.

पहिली रास, खात्रीने विकण्याजोगा चालू माल. रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे, मुदतीतील, निर्दोष नग. यांतील काही सीलबंद नग वितरकाने परत घेतले. काही भागांचे जुने क्रमांक कंपनीने बदलून नवे दिले होते. नव्या क्रमांकाने विचारणा करताच त्यांना गिऱ्हाईक मिळाले. या राशीचे १,३१,४०० रुपये आले.

दुसरी रास, जुन्या गाड्यांचे निव्वळ लोखंडी भाग. पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर हौसेने जपणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत; त्यांना कॉइल स्प्रिंग आणि आर्म हवे होते. काही माल पुण्याच्या नाना पेठेत गेला, काही दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात. सुट्या पाट्यांना आठवडे बाजारातील लोहारांकडून मागणी आली. पाट्याचे पोलाद उत्तम असते आणि त्यापासून विळे, खुरपी, नांगराचे फाळ घडविले जातात. भंगारवाल्यापेक्षा लोहाराने अधिक भाव दिला. या राशीचे ६२,००० रुपये आले.

तिसरी रास शिकवण्यासाठी. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा वर्ग आहे. तेथील शिक्षकांनी स्ट्रट, बॉल जॉइंट, टायरॉड एंड आणि लोअर आर्म यांचे नग आनंदाने स्वीकारले. प्रत्येक नगावर लाल रंगाने ‘केवळ प्रशिक्षणासाठी’ असे लिहूनच ते दिले. विकत घेतलेले भाग खोलून पाहण्याची संधी या मुलांना क्वचित मिळते.

चौथी रास मोडीची. मुदत उलटलेले सर्व बुश, माउंटिंग, बॉल जॉइंट, पाझरणारे शॉक ॲब्सॉर्बर आणि गंजलेल्या स्प्रिंग. हे नग भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी दुकानाच्या अंगणातच निकामी करण्यात आले. बॉल जॉइंटचे आटे ग्राइंडरने कापले, बुश चिरले आणि सर्व खोकी व लेबले फाडून वेगळी केली. वायू भरलेले शॉक ॲब्सॉर्बर मात्र कापू किंवा तापवू नयेत. त्यांतील नायट्रोजन दाबाखाली असतो. जाणकाराने उत्पादकाच्या सूचनेनुसार भोक पाडून तो दाब आधी काढावा लागतो, आणि निघालेले तेल गटारात न सोडता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे लागते. चाचांनी हे काम स्वतः केले. २,४०० किलो भंगाराचे २९ रुपये दराने ६९,६०० रुपये झाले.

एकूण २,६३,००० रुपये. लॉटमध्ये मिळाले असते त्यापेक्षा ९७,००० रुपये कमी, आणि साडेचार महिन्यांचे श्रम वेगळे.

कागदपत्रांची बाजू

वाचकांच्या सोयीसाठी व्यवहाराचे काही मुद्दे येथे नोंदवितो. तपशील आपल्या सनदी लेखापालांकडून पडताळून घ्यावा.

माल बँकेकडे तारण असेल तर तो मोडीत काढण्यापूर्वी किंवा दान देण्यापूर्वी बँकेला लेखी कळवावे. पुढील महिन्याच्या पत्रकात साठा एकदम कमी दिसला आणि आधी काही सांगितले नसेल, तर बँकेच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. आधी सांगितल्यास मर्यादा टप्प्याटप्प्याने कमी करण्याची विनंतीही करता येते. पत्रक देणेच टाळणे हा मार्ग मुळीच नव्हे. तीन महिन्यांपेक्षा जुन्या पत्रकावर चाललेले खाते अनियमित मानले जाते आणि ती अनियमितता ९० दिवस टिकल्यास खाते अनुत्पादक ठरू शकते.

जीएसटीचा नियमही लक्षात घ्यावा. माल कमी भावात विकला तर विक्रीच्या भावावर कर लागतो. परंतु माल नष्ट केला, वहीतून पूर्णपणे काढून टाकला किंवा मोफत दिला, तर त्याच्या खरेदीवर घेतलेला कराचा परतावा उलटवावा लागतो. तशी तरतूद कायद्याच्या कलम १७(५)(ह) मध्ये आहे. आयटीआयला दिलेल्या मालाबाबत सूनबाईंनी ही रक्कम रीतसर भरली. दान देतानाही त्याचा खर्च आधी मोजावा, म्हणजे नंतर पश्चात्ताप होत नाही.

भंगाराचे बिल अवश्य करावे. मोडीत काढलेल्या मालाची यादी, छायाचित्रे आणि दोन साक्षीदारांच्या सह्या जपून ठेवाव्यात. ८,७७,००० रुपयांची घट वहीत दाखविली, तर आयकर खात्याकडून विचारणा होऊ शकते. नऊ दिवसांत तयार झालेली ती यादीच तेव्हा उपयोगी पडते.

पुढील पिढीच्या हाती काय द्यावे?

शेठजींना एक शंका होती. ९७,००० रुपये वहीत कोणत्या खात्यावर लिहायचे? मी त्यांना सांगितले की जे उत्पन्न घेतलेच नाही, त्याची नोंद करण्यासाठी हिशेबशास्त्रात खाते नाही. ते हसले आणि म्हणाले, “मग बरं झालं. मुलाला दरवर्षी दिसायला नको.”

मुलाने मात्र ते मनावर घेतले आहे, निराळ्या प्रकारे. यंत्र त्याने सहा महिन्यांनी पुढे ढकलले. माळ्याचा अर्धा भाग रिकामा झाला आहे आणि तेथे सूनबाईंनी नवी शिस्त लावली आहे. आलेल्या प्रत्येक खोक्यावर ठळक पेनाने महिना व वर्ष लिहायचे. आधी आलेला माल आधी विकायचा. दर तिमाहीला १८ महिन्यांपेक्षा जुन्या मालाची यादी काढायची आणि त्या यादीवर त्याच आठवड्यात निर्णय घ्यायचा: परत करायचा, सवलतीत विकायचा की मोडीत काढायचा. रबरी माल थोडा आणि वारंवार मागवायचा. मार्चअखेरच्या योजनेत, मागील वर्षी जेवढा खप झाला त्यापेक्षा अधिक नग घ्यायचे नाहीत.

परिग्रहाला मर्यादा घालून घेण्याची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातील दागिने, वस्त्रे, जमीन यांच्या संदर्भात ती आपल्याला आठवते. दुकानाच्या माळ्यावर चढताना आठवत नाही. तेथील साठा हा परिग्रह नसून भांडवल आहे, असे आपण स्वतःला सांगतो. जो माल हलतो, तो भांडवल असेलही. जो सोळा वर्षे हलला नाही, त्याला काय म्हणावे, हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

ज्यांच्या घरी येत्या एक-दोन वर्षांत दुकान मुलांच्या हाती जाणार आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. चावी देण्यापूर्वी एक रविवार काढून, हाती विजेरी आणि वही घेऊन माळ्यावर जावे. सोबत मुलाला, सुनेला किंवा मुलीला न्यावे आणि त्या मालाची जाण असलेला एखादा जुना कारागीरही बरोबर असावा. खोकी उघडून पाहावीत. किंमत नंतर ठरवावी. आकडे आधी मांडले की काय होते, ते मी स्वतः करून पाहिले आहे.